पिल्लं उडाली म्हणून पर्पल मार्टिनचं घर लगेच उतरवू नका

टेक्सासमधल्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय, की पर्पल मार्टिनची (हा पाकोळीच्या जातीचा स्थलांतरित पक्षी; त्याच्यासाठी लोक अंगणात खांबावर अनेक खोल्यांचं घर लावतात) पिल्लं उडाली की सीझन संपला, खांबावरचं घर काढून गॅरेजमध्ये टाका. हे चुकीचं आहे हो. पिल्लं साधारण चार आठवड्यांत उडतात खरी, पण त्यानंतरही काही दिवस आईबाप त्यांना भरवतात आणि बरीच कुटुंबं अंधार पडायच्या आत झोपायला त्याच घरात परत येतात, कधी एकाच खोलीत दाटीवाटीने, म्हणून एक-दोन खोल्या जास्तीच्या उघड्या असलेल्या बऱ्या (घरचिमण्या आणि स्टार्लिंग पक्षी घुसू देऊ नका, ती वेगळीच डोकेदुखी). शिवाय उशिरा अंडी घातलेली जोडपी असतातच, आणि पिल्लं असलेलं घरटं काढणं अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने गुन्हा आहे.

पुढे हे पक्षी मोठ्या सामूहिक रातथाऱ्यांवर जातात, लुइझियानात पॉन्चरट्रेन सरोवराच्या पुलाखाली असाच एक आहे. पहाटे असे थवे उडाले की हवामानाच्या रडारवर चक्क गोल कडं दिसतं! मग दक्षिण अमेरिका.

लागोपाठ बऱ्याच संध्याकाळी एकही पक्षी आला नाही, की खुशाल उतरवा आणि साफ करा.