आभारप्रदर्शनात सर नव्हते

आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचं नाव होतं. माईकवाल्याचं होतं. चहा-उपीट देणाऱ्याचं तर दोनदा आलं, कारण कागद उलटताना सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं एक ओळ परत वाचली. समूहगान बसवणाऱ्या सरांचं नाव नव्हतं.

घरी येऊन तीन तास झाले, तरी डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

भाची गाणार होती म्हणून दुपारी गेले होते. संस्था कुठली ते लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं नाही. विद्यापीठ म्हणा, कॉलेज म्हणा, आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं. मी पोचले तेव्हा सर रिक्षातून हार्मोनियम उतरवत होते. एकटेच. दुसऱ्या मजल्यापर्यंत पेटी त्यांनीच नेली, मग खाली येऊन तबला-डग्गा नेला. पाहुण्यांचे बुके न्यायला मात्र चार जण होते. मुलं गायला उभी राहिली तेव्हा सर विंगेत उभे राहून बोटांवर मात्रा मोजत होते. सहा मुलं, दोन गाणी, नऊ मिनिटं. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला मुलं सरळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आली ना, तेव्हा सरांनी डोळे मिटले. एवढंच. मला ते दिसलं, कारण मी बाजूच्या खुर्चीत होते. पहिल्या रांगेतल्या कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

कार्यक्रमानंतर त्यांना गाठलं आणि विचारलं, किती दिवस बसवत होता? म्हणाले, "सात आठवडे झाले ताई, रोज साडेचार ते सात." आणि मानधन? तर म्हणाले, "तालमी वर्कलोडमध्ये बसत नाहीत. थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तासच धरतात. हे कल्चरल ॲक्टिव्हिटीत येतं."

गेस्ट लेक्चरर आहेत ते. एम. ए. संगीत, वरून विशारद. तासावर पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद.

कल्चरल ॲक्टिव्हिटी! सात आठवडे रोज अडीच तास सहा मुलांना एका श्वासात आणायचं, आणि ते शिकवणं नाही?

माझ्या मित्रयादीतले निम्मे लोक कधी ना कधी गॅदरिंगला उभे राहिलेत, त्यामुळे तुम्हाला हे पटवून द्यावं लागू नये. तरी माझं सांगते.

१९९६ साली मी दुसऱ्या वर्षाला होते. तेव्हा इथली बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती आणि युवक महोत्सवाची मोठी फेरी धारवाडला असायची. आमच्या समूहगानात चार मुली, दोन मुलगे. मी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, गल्लीतल्या गणपतीपुढे दरवर्षी गाणारी. मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, मलाच मिळणार हे मी धरूनच चालले होते. सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांचं ऐकलं आणि मला म्हणाले, "तू तीन आठवडे फक्त आस धर. शब्द नाहीत. गंधार धरून उभी राहा." आस म्हणजे मागं एकच सूर लांबवत धरून ठेवणं. माझ्या शेजारी गोकाकची एक मुलगी उभी केली. तिला मराठी फारसं येत नव्हतं, मला कन्नड बाजारापुरतं. मी घरी येऊन रडले. आई म्हणाली सोडून दे. नाही सोडलं, पण तीन आठवडे सरांवर राग होता.

हे सर खानापूरहून यायचे. तालीम लांबली की शेवटची बस गाठायला पळायचे. त्यांना या तालमींचे किती पैसे मिळायचे हे तेव्हा आम्ही कधी विचारलं नाही. आज हे लिहिताना त्याची लाज वाटतेय.

बाहेरून बघणाऱ्याला समूहगान म्हणजे सहा जणांनी एकच गाणं म्हणायचं, एवढंच वाटतं. अहो, पहिलं भांडण पट्टीचंच असतं, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळी-पांढरीवर सा धरायचा याचं. मुलींची पट्टी काळी चार, नाहीतर पाच. मुलांची काळी एक. मधली पांढरी चार काढली तर मुलींचा आवाज खाली पोचत नाही आणि मुलांचा वर जात नाही. मग चाल फोडावी लागते. कुठली ओळ कुणाची, कुठं मुलांनी खर्ज धरायचा, कुठं मुलींनी वरचा षड्ज घ्यायचा, आणि ते सांधे ऐकणाऱ्याला कळता कामा नयेत. तबलाही त्याच पट्टीत लागणारा हवा. कॉलेजचा तबला चढत नव्हता, तेव्हा सरांनी शहापूरच्या एका भजनी मंडळाकडून मागून आणला होता, सायकलच्या कॅरिअरला बांधून. हे सगळं कुठल्या पुस्तकात नाही. राग यमनची माहिती पुस्तकात मिळते. शेजारचीचा श्वास कधी संपणार हे ओळखून आपण आपला कुठं घ्यायचा, हे उभं राहूनच शिकावं लागतं.

आणि म्हणूनच तो वर्ग आहे. संगीत विभागातला सगळ्यात मोठा वर्ग आहे. एकटं गायला मुलं क्लासलाही शिकतात, आपल्या गावात क्लासेसना तोटा नाही. पण सहा-आठ जणांत राहून शिकायला विद्यापीठाशिवाय जागा कुठं आहे? अमेरिकेतल्या विद्यापीठांत क्वायरमध्ये गायलं, ऑर्केस्ट्रात वाजवलं की त्याचं क्रेडिट मिळतं, आणि क्वायर बसवणारा माणूस विभागातला प्राध्यापक असतो. त्यांच्याकडे पैसा आहे, मान्य. पण तालमीचा तास कागदावर मांडायला पैसा लागत नाही, मन लागतं.

आपल्याकडे विद्यार्थ्यांचा वृंद आठवतो कधी? कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम आली की. पदवीदान असलं की. मंत्री आले की. "संगीत विभागाला सांगा, स्वागतगीत आणि नाडगीत पाहिजे, परवा." नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत. परवा! आणि परवाला जमलं नाही तर ट्रॅक लावा. पेनड्राइव्ह घालायचा, मुलांनी वरून गायचं. ट्रॅकवर घरी सराव करता येतो, ते मी नाकारत नाही. पण ट्रॅक थांबत नाही, ट्रॅक तुमच्याकडे बघत नाही. गाणारी अंतऱ्यात अर्धी मात्रा पुढं गेली तर तबलजी तिला सांभाळून घेतो, मशीन तिला तिथंच सोडून पुढं जातं. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात समूहगानाला सहा गाणारे आणि तीन साथीदार, दहा मिनिटं, सिनेमाचं गाणं चालत नाही, असा नियम आहे. तीन साथीदारांना तिथं जागा आहे. आपल्या विभागांत ते तीन साथीदार कायमचे कुठं आहेत? नसतातच. ऐनवेळी कुणाच्या तरी काकांना फोन जातो.

साथीदाराला मोजायचंच नाही, ही जुनी खोड आहे. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. तीस वर्षं! आणि त्याच काळात आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे पेटीवर बसून पिढ्या घडवत होते. कागवाडला जन्मलेला माणूस, मोठमोठ्या गवयांना साथ केली, स्वतःची शाळा चालवली, शेवटपर्यंत शिकवलं. आपल्या गावाला साथीदाराची किंमत कळत नसेल तर कुणाला कळणार?

या मातीत काय काय होऊन गेलं बघा. कुमार गंधर्व सुळेभावीचे, इथून हाकेच्या अंतरावर. घरी कन्नड, शिकले मुंबईत देवधर मास्तरांकडे. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे, सुरुवातीचं शिक्षण मिरजेला नीलकंठबुवांकडे. विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा, म्हणजे आपल्या चिकोडीच्या शेजारचा. शिकले तेही मिरजेला, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पोरं एकत्र बसवून शिकवायची पद्धत त्यांनी घालून दिली. तंबोरे मिरजेचे, गवई धारवाडचे, ऐकणारे बेळगावचे, असा हा पट्टा आहे. या पट्ट्यात संगीताचा मास्तर तासावर राबतो आणि पेटी स्वतः उचलतो.

नियमात बसत नाही म्हणतात. गंगूबाई हनगल प्राथमिक शाळेच्या पुढे शिकल्या नव्हत्या. कर्नाटक विद्यापीठानं त्यांना मानद प्राध्यापक केलं, आणि आज म्हैसूरला त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. म्हणजे मनात आलं की बसतं. यूजीसीनंही २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलं, पदवीची अट न घालता कामात मुरलेल्या माणसाला वर्गात आणायची सोय. मग आपल्या सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडकं वाजवत जन्म गेलेल्या माणसाला लोकवाद्यवृंद शिकवायला का बोलवत नाही कुणी? महोत्सवाच्या आधी आठ दिवस बोलवतात, मुलांना चार बोल दाखवून घेतात, हातावर भाडं ठेवतात. संबळवाल्याचं तेच, हलगीवाल्याचं तेच. मुलं बक्षीस घेऊन येतात, फोटो पेपरात येतो, आणि ज्याचा ठेका तो पुन्हा देवळाच्या पायरीवर.

चहा घेऊन आले. राग थोडा उतरला.

त्या तीन आठवड्यांचं सांगायचं राहिलं. सरांनी एक मराठी अभंग आणि एक वचन, म्हणजे शरणांची कन्नड भक्तिरचना, घेतलं होतं. आम्हाला वाटलं, अभंगाचा मुखडा मराठी मुलीला, वचनाचा कन्नड मुलीला. सरांनी उलटं केलं. वचन मला दिलं, अभंग गोकाकच्या मुलीला. तेव्हा मला कळलं की कन्नडमध्ये 'ए' दोन आहेत, एक आखूड, एक लांब, आणि 'ओ'सुद्धा दोन. मी सगळे लांब ओढत होते, ती हसून हसून बेजार. मग अभंगात ती 'चांगला'मधला च 'चंद्रा'सारखा म्हणायची, तेव्हा मी तिची जीभ कुठं लागते ते दाखवत बसायची. कॉलेजच्या मागच्या जिन्यात, बटाटेवडा खात. एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस, मध्येच येऊन गेला. त्या दिवशी गावात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, आमच्या घरात काय बोललं जायचं तेही. दोन तारखेला आम्ही दोघी परत जिन्यात होतो.

सर याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. भाषण नाही, काही नाही. फक्त म्हणाले, "आता तुझा गंधार तिच्यात मिसळला, आता शब्द घे."

धारवाडला आमचा दुसरा नंबर आला. कित्तूरला बस थांबली तेव्हा सरांनी सगळ्यांना स्वतःच्या पैशांनी मिरची भजी खायला घातली. त्यांच्या पायातल्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता, ते मला आजसुद्धा दिसतं.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला तर सरांनी पैसे न घेता शिकवलं, कलेला पैशात मोजू नका. हे वाक्य मी फार ऐकलंय आणि आता ऐकून घेणार नाही. कलेला पैशात मोजू नका असं सांगणाऱ्याचा स्वतःचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत पडत असतो. सर गेले तेव्हा त्यांच्या नावापुढे ना पद होतं, ना पेन्शन. शोकसभेला आम्ही पन्नासेक विद्यार्थी जमलो, सगळे रडलो, आणि त्यांच्या बायकोच्या हातात द्यायला संस्थेचं एक साधं पत्रही नव्हतं. आजच्या त्या तरुण सरांचं असं होऊ द्यायचं का?

विद्यापीठांकडे पैशांची चणचण आहे, जागा भरायला सरकार मंजुरी देत नाही, संगीताला मुलं कमी येतात. खरं आहे सगळं. पण तालमीचे तास वर्कलोडमध्ये धरा, एवढं तरी करता येतंच. वृंद बसवणं हा विषय म्हणून वेळापत्रकात घाला, मुलांना त्याचे गुण द्या, सरांना त्याचे तास द्या. एक पेटीवाला आणि एक तबलजी वर्षभरासाठी नेमा. हे चार ओळींचं काम आहे.

ते मी आजच सुरू केलंय. संध्याकाळी गोकाकच्या मैत्रिणीला फोन लावला. ती आता हुबळीला असते, शाळेत संगीत शिकवते. तिला सगळं सांगितलं, ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अर्ज मी लिहिते, तू माणसं जमव." तासाभरात पाठवलाही. अर्ज कन्नडमध्ये आहे, म्हणजे कुठल्या टेबलावर भाषेच्या कारणानं अडणार नाही. त्यावरून इथं कुणी वाद घालू नका, आजच्या दिवशी तरी मला ते नको. मराठी प्रतही सोबत जोडतेय, ज्यांना वाचून सही करायची त्यांच्यासाठी. त्यात खालून दुसऱ्या ओळीत तिनं आमच्या सरांचं नाव घातलंय. मी सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराला चन्नम्मा सर्कलला भेटू, तिथून सगळे मिळून अर्ज द्यायला जाऊ. १९९६ च्या आगेमागे ज्यांनी कुणी समूहगानात आस धरली असेल, मुखडा मिळाला असेल-नसेल, त्यांनी या की. भाची आणि तिच्यासोबत गाणारी पाच मुलं येणार आहेत. आजच्या त्या सरांना मी काही सांगितलेलं नाही, त्यांच्या तासांवर गदा यायला नको. त्यांना टॅगही करू नका.