बोलघेवड्यांची निवड? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय प्रवेशासाठी लेखी गुणांच्या जोडीला रचनाबद्ध मुलाखत असावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, मुलाखत म्हटली की वशिला आणि लहर आलीच, तीत बोलघेवडे बाजी मारतात आणि उद्या तिचेही क्लास निघतील. लेखी परीक्षेचे गुण निदान कोणाचे तोंड पाहून पडत नाहीत. यातल्या पहिल्या आक्षेपाबाबत मी आपल्याही पुढे जाईन.

१९७९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जागा १५० वरून २०० करायला लावल्या, तेव्हा मुलाखतीनंतर नाकारलेल्यांतूनच पन्नास जण घ्यावे लागले. पुढे पदवीपर्यंत आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षातही हे पन्नास जण आणि आधी निवडलेले यांच्यात, ना अभ्यासात ना रुग्णसेवेत, म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे समितीने एवढा काथ्याकूट करून लावलेली क्रमवारी कुचकामीच ठरली होती.

पण ती मुलाखत आणि मी सुचवलेली मुलाखत यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २००४ मध्ये जी पद्धत मांडली, तीत साधारण दहा स्टेशने असतात, प्रत्येक ठिकाणी आठ मिनिटे आणि एक स्वतंत्र परीक्षक. सर्वांना तेच प्रसंग मिळतात आणि गुण कशाला द्यायचे हे आधीच लिहून ठेवलेले असते. एकाच खोलीत पाच परीक्षक बसवले तरी हा लाभ मिळत नाही, कारण माणूस एका प्रसंगात चमकतो आणि दुसऱ्यात अडखळतो. शिवाय उमेदवार बाहेर पडताच जो परीक्षक पहिल्यांदा बोलतो, त्याच्याकडे उरलेल्या चौघांचे गुण सरकतात. (मी स्वतः असा पहिला बोलणारा झालो आहे, आणि ते आठवून आजही संकोच वाटतो.) वशिल्याचेही तेच: दहांपैकी एक परीक्षक फितूर झाला, तरी त्याच्या हातात दहावा हिस्साच असतो.

बोलघेवडेपणाबद्दल एक उदाहरण देतो. एका स्टेशनवर उमेदवाराने कागदाला हात न लावता, समोरच्या व्यक्तीला केवळ शब्दांनी कागदाची होडी करायला सांगायची असते आणि ती व्यक्ती ठरल्याप्रमाणे तिसरी घडी उलटी घालते. अस्खलित बोलणारा एक मुलगा घडी चुकल्याचे न पाहताच पुढच्या तीन सूचना देऊन मोकळा झाला. त्याच्यानंतरची मुलगी थबकत बोलत होती, पण ती थांबली, ‘मीच नीट सांगितलं नाही, आपण ही घडी उलगडू या’ म्हणाली आणि कोपऱ्याऐवजी ‘तुमच्याकडची कड’ असा शब्द तिने वापरला. गुणपत्रिकेवर वक्तृत्वाचा रकाना नव्हता. चूक लक्षात आली का आणि भाषा बदलली का, एवढेच विचारले होते. तो रकाना असता तर मीही मुलालाच झुकते माप दिले असते, हे कबूल करतो.

क्लास निघतील, यात शंका नाही. पाठ केलेले उत्तर ‘डॉक्टर का व्हायचे?’ या प्रश्नाला हमखास चालते, उलट्या घडीपुढे ते फारसे कामाला येत नाही. तरीही सराव केलेल्याला थोडा फायदा राहील आणि तो मला पूर्णपणे पुसता येणार नाही.

लेखी गुण हटवावेत असे मी कुठेही म्हटलेले नाही. शरीरक्रियाशास्त्र किती समजले हे मुलाखतीतून काढायला जाणे हास्यास्पद आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, या मुलाखतीचा समावेश असलेल्या प्रक्रियेतून निवडलेल्यांना, तिने नाकारलेल्या पण अन्यत्र प्रवेश मिळवलेल्यांपेक्षा परवाना परीक्षेत अधिक गुण पडले होते. त्या निवडीत शैक्षणिक गुणही धरलेले असल्याने सगळे श्रेय मुलाखतीला देता येत नाही, पण ह्यूस्टनच्या कथेपेक्षा हे चित्र नक्कीच वेगळे आहे.

एक गोष्ट मात्र मूळ लेखात राहून गेली. परीक्षकांना आधी नमुन्याचे उमेदवार दाखवून, कोणत्या वागण्याला किती गुण हे एकत्र बसून ठरवून घ्यावे लागते. तेवढा वेळ आणि पैसा जिथे खर्च होणार नसेल, तिथे नुसती दहा टेबले मांडण्यापेक्षा आपला लेखी परीक्षेचा आग्रहच मला मान्य आहे.