‘पाण्याच्या नावाखाली लूट’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या समुद्री माशांच्या टाकीतल्या शेवाळाबद्दल तुम्ही फोन केलात आणि आम्ही नवव्या दिवशी पोहोचलो, ही आमची चूक. उन्हाळा लागला की टाकीचं पाणी थंड ठेवणारे चिलर बंद पडल्याच्या तक्रारी एकदम येतात, पण तुमच्या टाकीला त्याच्याशी काय देणंघेणं? तेवढ्या दिवसांत शेवाळ बोटभर वाढलं. मनापासून माफी मागतो.

तुमच्या तीन तक्रारी आहेत. शेवाळ आमच्या लाइव्ह रॉकमधून, म्हणजे टाकीत ठेवायच्या जिवाणू असलेल्या दगडांतून, आलं. टेस्ट किट फॉस्फेट (शेवाळाचं खत) शून्य दाखवतं तरी शेवाळ वाढतंय, म्हणजे सामानच खराब. आणि ‘बाहेर ३० रुपयांना मिळणारा पाण्याचा जार हे लोक ७० ला देतात, पाण्याच्या नावाखाली लूट आहे.’ पहिल्या दोन्हींवर खाली लिहितो. तिसरी फार लागली, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सोलापुरात समुद्री टाकी ठेवणारे लोक मोजके. त्यांच्यात एकदा ‘लुटतात’ असं पसरलं की हे दुकान चालणार नाही.

३० रुपयांचा जार पिण्यासाठी असतो आणि पिण्यासाठी तो चांगलाच आहे. त्यात थोडे क्षार ठेवलेलेच असतात, नाहीतर पाणी बेचव लागतं. आमच्या जारमधलं पाणी सेडिमेंट फिल्टर, कार्बन, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) अशा चार टप्प्यांतून जातं आणि मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य आल्यावरच भरलं जातं. एक लिटर असं पाणी मिळवायला तीन-चार लिटर पाणी वाया जातं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवून पुरवावं लागतं. मेम्ब्रेननंतरही ३०-४० टीडीएस उरला तर रेझिन भराभर संपतं आणि दर वेळी नवीन भरावं लागतं. ७० रुपयांत हे सगळं बसवलेलं आहे.

आणि सर, हा जार आमच्याकडूनच घ्या असं आम्ही कधीच म्हटलं नाही. टाकी बसवली त्या दिवशी कागदावर लिहून दिलं होतं: घरच्या प्युरिफायरमधला टीडीएस कमीजास्त करायचा स्क्रू पूर्ण बंद करा, मिनरल कार्ट्रिजच्या आधी टी-जोड काढा, पुढे डीआयची एक नळी लावा आणि पाणी घरीच तयार करा. लुटायचं असतं तर हे कशाला लिहून दिलं असतं?

घरच्या प्युरिफायरची खरी गोम त्या स्क्रूत आहे. तो उघडा असेल तर मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतं, चव यावी म्हणून मुद्दाम. तुमच्याकडे आलो तेव्हा तुमच्यासमोरच मोजलं होतं: बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९८०, प्युरिफायरच्या पाण्याचा १०५, आणि त्याच पाण्यात नायट्रेट (हेही शेवाळाचं खत) १५ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १५ मिलिग्रॅम. पिण्याच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही, पण टाकीचं गणित वेगळं आहे. तुमची टाकी ३ फुटी, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १८० लिटर. वरती दोन पंखे असल्याने या दिवसांत रोज ४ लिटर पाणी उडतं, म्हणजे महिन्याला १२० लिटर टॉपअप, उडालेल्या पाण्याची भरपाई. उडतं ते फक्त पाणी. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट सगळं टाकीतच राहतं. १२० लिटर गुणिले १५, भागिले १८०, म्हणजे महिन्याला नायट्रेटची १० पीपीएम भर. माशांना एक दाणाही न घालता! मेमध्ये ते २५ च्या पुढे का गेलं, त्याचा मोठा वाटा इथे आहे. शिवाय आपला भाग काळ्या बेसाल्टचा, त्यातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका भरपूर. काचेवर आणि वाळूवर आलेला तो तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, आणि त्यांना सिलिकाच लागते. नव्या टाकीत पहिले काही आठवडे तो येतोच आणि जातोही. तुमच्याकडे तो गेला नाही, कारण खुराक रोज ओतला जात होता.

महिन्याला १२० लिटर म्हणजे सहा जार, ४२० रुपये. तेही नको असतील तर डीआयची नळी लावा. या एकाच मुद्द्यावर इतकं लिहिलं त्याबद्दल क्षमस्व.

आता दगडांचं. आमच्या दगडावर शेवाळाचा एकही कण नव्हता असं मी म्हणणार नाही. कोणत्याही दगडावरून, कोरलच्या बुडाला असलेल्या प्लगवरून, अगदी गोगलगाईच्या शिंपल्यावरूनही शेवाळ घरात येतं. पण ते फोफावायला उजेड आणि खाणं लागतं. तुमच्या दगडांबरोबर आलेले बाकीचे दगड आमच्या दुकानातल्या टाकीत आहेत, कधीही येऊन बघा. रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेल्या फोटोतच डाव्या काचेवर दुपारचं ऊन पडलेलं दिसतंय. पश्चिमेची खिडकी, आणि दिवे सकाळी ८ पासून रात्री ११ पर्यंत, असं तुम्हीच सांगितलं होतं. पंधरा तास होतात, सर. आठ पुरेत.

टेस्ट किट खोटं बोलत नाही, पण पाण्यात उरलेलं तेवढंच ते दाखवतं. जे शेवाळाने आधीच खाल्लं ते मोजणीत येत नाही. टाकी हिरवीगार आणि फॉस्फेट शून्य, हे शेवाळ जोरात असल्याचंच लक्षण आहे. त्यातून दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतात, म्हणून एका पाणीबदलाने फरक दिसत नाही.

आणि शेवाळ मारायला तुम्ही टाकीत ओतलेल्या औषधाची ती हिरवी बाटली. ती आमच्याकडची नव्हती. तिच्यावर कॉपर सल्फेट लिहिलेलं आहे, ते गोड्या पाण्याच्या टाकीसाठी. तांब्याने गोगलगाई आणि कोळंबी मरतात. शेवाळ एकदम मेलं की ते सडून सगळं खत पाण्यात परत येतं आणि रात्री ऑक्सिजन खाली जातो. तुमच्या सहा गोगलगाई त्याच आठवड्यात गेल्या. टॉर्च कोरल औषधाने गेलं की ३१ अंश पाण्याने, हे मी सांगू शकत नाही. झोआ (बटणांसारखे छोटे कोरल) मात्र शेवाळाखाली गुदमरले, आणि आम्ही वेळेत आलो असतो तर कदाचित वाचले असते. ते सलतं.

पुढे काय करायचं ते इथे लिहितो, दुसऱ्या कुणाची टाकी अशी झाली असेल तर त्यांनाही उपयोग होईल. आधी पंप बंद करा आणि लांब शेवाळ हाताने उपटा, दुसऱ्या हातात सायफनची नळी धरून, तिचं दुसरं टोक फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणीच्या कापडी पिशवीत. तुकडे पाण्यात सुटले तर पंप ते टाकीभर पेरतो, म्हणून नळी हवीच. जे दगड निघतात ते टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घेऊन कडक टूथब्रशने घासा. चिवट जागी मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब लावा, चार मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्यात खळबळून दगड परत ठेवा. कोरलच्या अंगाला ते लागू देऊ नका. ही बादली टाकीत ओतायची नाही.

तीन आठवडे आठवड्यातून दोनदा ३५ लिटर पाणी बदला. मीठ लिटरला साधारण ३६ ग्रॅम, घनता १.०२५, मिसळल्यावर पंप लावून रात्रभर फिरत ठेवा. तांबं काढायला ताजा कार्बन आजच घाला. फॉस्फेट शोषणारं आयर्न ऑक्साइड बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मंच वापरा. फॉस्फेट एकदम खाली आलं तर उरलेले कोरल पांढरे पडतात. ते शून्यावर आणायचंच नाही. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट २ ते १० पीपीएम ठेवा. दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट येतात, बुडबुडे अडकलेला तपकिरी चिकट शेंबडासारखा थर, आणि ते हटवणं याच्यापेक्षा जड. सॉक दर तीन दिवसांनी धुवा, नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजते. फ्रोझन खाणं गाळणीत वितळवून ते पाणी फेकून द्या.

शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगाई शेवटी. केसांसारख्या लांब शेवाळाला त्या तोंड लावत नाहीत, आखूड खुंट राहिले की साफ करतात. तांबं गेल्याची खात्री झाल्यावर चार पुरेत, आणि त्या आम्ही देऊ, पैसे घेणार नाही. मागच्या भेटीचेही घेतले नव्हते. रिव्ह्यूत ते आलं नाही, असो.

आमच्याकडून यापुढे भेटीची वेळ पाळायचा प्रयत्न राहील आणि जारवर टीडीएस व भरल्याची तारीख लिहायला सुरुवात करतोय. उन्हाळ्यासाठी माणूस वाढवायचंही डोक्यात आहे.

शनिवारी सकाळी दहाला मीटर आणि डीआयची नळी घेऊन येतो, चालेल का ते कळवा. तोवर त्या खिडकीला जाड पडदा लावा आणि दिव्यांचा टायमर दुपारी १ ते रात्री ९ वर ठेवा.