चालतंय, पण खोटं सांगतंय

आत्ता घरी आले. चहा समोर ठेवून बसलेय आणि तो गार होतोय. डोकं शांत झालं की लिहू असं वाटलं होतं, पण डोकं शांत झालं की माझ्याकडून लिहिणंच होत नाही, म्हणून आत्ताच.

आज एका शाळेत नववीच्या तंत्रज्ञान प्रकल्पांना मार्क द्यायला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. शाळेचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. हे त्या एका शाळेचं नाहीच. ३२ टेबलं, आम्ही दोन परीक्षक, वेळ दीड तास. म्हणजे एका टेबलाला तीन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि एकेका टेबलामागे चार-चार मुलं.

अकराव्या टेबलावर एक मुलगी. बाकीच्या तिघी मागे उभ्या, बोलणारी ही एकटी. निफाडकडे आजोबांची कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड आहे, तिच्यातलं तापमान आणि दमटपणा दाखवणारं यंत्र तिने केलं होतं. आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट, तापमान आणि दमटपणा मोजणारा डीएचटी-११ सेन्सर, आकडे दाखवायला छोटा एलसीडी. वायरी सेलोटेपने चिकटवलेल्या, खोकं बिस्किटाच्या पुठ्ठ्याचं. माझ्याबरोबरच्या सरांनी विचारलं, "चालतं का?"

ती म्हणाली, "चालतंय सर, पण खोटं सांगतंय."

मी हातातला पेन खाली ठेवला. तिने एकाच जातीचे दोन सेन्सर शेजारी-शेजारी लावले होते. एक दमटपणा ६१ टक्के दाखवत होता, दुसरा ६८. सर म्हणाले, मग खरं कोणतं? ती म्हणाली, ते अजून नाही कळलं. सरांनी 'कार्य' या रकान्यात पाचपैकी २ लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

पुढच्या टेबलावर सिंहस्थ कुंभमेळ्याचा देखावा. थर्माकोलचे घाट, निळ्या एलईडीची गोदावरी, कोणी जवळ आलं की बझर वाजतो. सुंदर दिसत होतं, नाही म्हणत नाही. मी त्या मुलाला विचारलं, हा सेन्सर किती लांबचं ओळखतो? त्याने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांकडे बघितलं. वडील हसले. बझर वाजला. पाचपैकी ५.

त्या मुलाचा मला राग नाही. त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं, की शेवटच्या दिवशी टेबलावर काहीतरी लखलखलं पाहिजे. राग आहे तो त्या रकान्याचा. मी सरांना म्हटलं, सर, त्या कांद्याच्या मुलीला परत बघू या का? ते म्हणाले, "मॅडम, न चालणाऱ्याला पाच देऊ का?" आणि मी गप्प बसले. एकोणीस वर्षं शिकवतेय मी, आणि गप्प बसले.

का बसले ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात, नाशिकच्या सिडकोतल्या शाळेत, एक मुलगा होता. आईचं किराणा दुकान. मामाची दिंडोरीकडे द्राक्षबाग. त्याचा प्रकल्प होता मातीतला ओलावा ओळखून पंप आपोआप चालू-बंद करायचा. एमजी रोडवरून आणलेला तो दोन काट्यांचा सेन्सर, मामाच्या बागेतली एक काडी लावलेली कुंडी, आणि पाच व्होल्टचा इवलासा पंप. प्रदर्शनाच्या दिवशी पंप सुरू झाला तो थांबेचना. माती चिखल झाली, कुंडी भरून वाहिली, टेबलावरची चादर भिजली, शेजारच्या गटाचा चार्ट भिजला. हशा झाला. मी त्याला २० पैकी ११ दिले. त्याने ओल्या हातांनी टेबल पुसलं आणि गेला.

मे महिन्यात जुन्या वह्या रद्दीत द्यायला काढल्या. त्याची वही हातात आली. प्रत्येक पानावर लाल पेनने माझी सही होती, 'पाहिले'. मी तारखा बघितल्या होत्या, वही बघितली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

पहिल्या दिवशी आकडा ४१०. सातव्या दिवशी ५२०. अकराव्या दिवशी ६४०. त्या सेन्सरमध्ये आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. पण हा रोज पाणी घालत होता, मग माती कोरडी कशी होईल? म्हणून त्याने काय केलं, तर रोज ती कुंडी दुकानातल्या काट्यावर ठेवून वजन केलं. आईच्या दुकानातल्या, साखर मोजायच्या काट्यावर! दोन किलो ३४० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी जवळपास तेवढंच. आणि खाली त्याच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात: "माती तेवढीच ओली आहे. सेन्सर बिघडत आहे. एक काटा हिरवा झाला आहे."

एक काटा हिरवा झाला आहे.

ओल्या मातीत दोन काट्यांमधून सतत वीज सोडली की एका काट्यावरचा मुलामा आणि खालचं तांबं झिजत जातं, आकडा वाढतो, आणि पंपाला माती कोरडीच वाटत राहते. शाळेच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन. त्याला तो शब्द आठवला नसेल, पण घटना त्याने पकडली होती, आणि ती खरी की खोटी हे तपासायला स्वतःची पद्धत शोधली होती. शेवटच्या पानावर उपायसुद्धा होता: सेन्सरला सारखी वीज द्यायची नाही, आकडा वाचायच्या वेळेपुरतीच एका पिनमधून द्यायची. नवा सेन्सर आणून हे करायला त्याला चार दिवस कमी पडले. आणि मी चादर भिजली म्हणून ११ दिले.

आजही ती वही माझ्या कपाटात आहे. म्हणून आज सरांनी "न चालणाऱ्याला पाच देऊ का" म्हटल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

आता तुमच्यातले शिक्षक म्हणतील, मॅडम, साठ मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांचा तास, वह्या कधी वाचायच्या? मान्य. मी त्याच शाळांमध्ये हाडं झिजवलीत. आणि कोणी म्हणेल, वस्तू चाललीच पाहिजे ना शेवटी, पूल पडला तर इंजिनिअरची वही कोण बघणार? तेही मान्य. पण ते इंजिनिअरचं झालं. हे चौदा वर्षांचं पोर आहे, त्याला आपण पूल बांधायला नाही, पूल का पडतो हे शोधायला बसवलंय.

माझा नवरा अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. त्यांच्याकडे जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, रिजेक्ट झाला की तो लाल डब्यात जातो आणि 'व्हाय-व्हाय' लिहावं लागतं. का झालं, मग ते का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा. कारण सापडेपर्यंत कोणाला चैन नसतं. कारखान्याला कळतं की बिघाडाचं कारण हा माल आहे. आणि आमची शाळा तोच माल दोन मार्कांत रद्दीला घालते!

आणि शब्दांची तर आपल्याकडे कमी नाही. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक मूल्यमापन म्हणजे मूल घडत असताना केलेलं. घडत असताना! मग वर्षाच्या नोंदी मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनाने का भरल्या जातात? २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३६० अंशांचं, म्हणजे मुलाला सगळ्या बाजूंनी बघणारं प्रगतिपत्रक आलं. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळा, २०१६ पासून आहेत, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, आणि २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब सांगितल्यात. येऊ देत, मला आनंदच आहे. पण त्या ५० हजार लॅबमध्ये शेवटी परीक्षक येऊन "चालतं का?" एवढंच विचारणार असेल, तर थ्रीडी प्रिंटरमधून थर्माकोलपेक्षा महाग घाट तेवढे निघतील.

आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, आणि काम गावाला खरंच लागणारं. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या कितीतरी हायस्कुलांत गेला. काम खऱ्या माणसासाठी असलं की 'सादरीकरण ५' हा रकाना सुचत नाही, समोरचा माणूसच विचारतो, बाई, हे गळतंय का? आमच्या तक्त्यात मात्र सादरीकरण आणि कार्य दोन्हीला सारखेच पाच. चार्ट छान रंगवला की तेवढेच, आणि वजनकाट्यावर कुंडी मोजली तर शून्य, कारण त्याला रकानाच नाही.

गटाचं तर बोलूच नका. चौघांना सारखे मार्क. आज त्या कांद्याच्या टेबलामागच्या तिघींपैकी एकीला मी हळूच विचारलं, तू काय केलंस गं? ती म्हणाली, "मी डब्याला होल पाडलं." खरं बोलली बिचारी. सोल्डर करताना बोट भाजलेल्या मुलीलाही तेवढेच मार्क आणि होल पाडणारीलाही तेवढेच, यात होल पाडणारीचंसुद्धा नुकसान आहे हो. तिला कोणी विचारलंच नाही की तुला यातलं काय करावंसं वाटत होतं.

त्या रद्दीच्या दिवसानंतर मी माझ्या वर्गात काय बदललं ते सांगते. मोठं काही नाही. प्रत्येक गटाने एक प्लास्टिकची डबी ठेवायची, मेलेल्या पार्टांची. जळालेला एलईडी, तुटलेली पिन, हिरवा पडलेला काटा, सगळं तिच्यात. प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची, कसा मेला. डबीला पाच मार्क. पहिल्या वर्षी पोरं मुद्दाम एलईडी जाळायला लागली, मग चिठ्ठी वाचल्यावर लगेच कळायचं कोणती खरी आणि कोणती बनवलेली. दुसरं, प्रत्येक मुलाला एकट्याला दोन मिनिटं. प्रोग्राममधला एक आकडा मी दाखवते, हा ५०० आहे, ३०० केला तर काय होईल ते आधी सांग, मग बदलून बघ. प्रोग्राम नेटवरून घेतला असेल, एआयकडून लिहून घेतला असेल, मला त्याचं काही नाही, सगळं जग घेतं. पण बदलल्यावर काय होईल हे ज्याला सांगता येतं त्याचा तो झाला. आणि सांगितलेलं चुकलं तरी मार्क जात नाहीत, चुकल्यावर तो काय म्हणतो ते मी ऐकते. साठ मुलं, दोन-दोन मिनिटं, म्हणजे १२० मिनिटं, शाळेचे ३५ मिनिटांचे जेमतेम चार तास. पंधरा दिवसांत पुरवून पुरवून होतात. होतात! मी केलेत.

पालकांनो, तुम्हीपण माझेच आहात म्हणून बोलते. रात्री अकराला पोराचा प्रकल्प तुम्ही पूर्ण करता ते प्रेमाने, मला कळतं. माझ्या मुलीच्या पाचवीत मीही जलचक्राचा चार्ट रंगवलाय. पण त्या सिंहस्थाच्या मुलाने भिंतीकडे बघितलं ना, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. त्याला पाच मार्क मिळाले आणि उत्तर माहीत नव्हतं, आणि हे त्याला कळत होतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तो किराणा दुकानाचा मुलगा आता सातपूरला आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. मागच्या दिवाळीत दुकानात भेटला, बरणीतून मला शेंगदाणे काढून दिले, त्याच काट्यावर. मी म्हटलं, तुझी वही आहे माझ्याकडे. तो लाजला. म्हणाला, "मॅडम, ती चादर वाळली का?" माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी त्याला सॉरी म्हणायला हवं होतं, दुकानात गिऱ्हाईक होतं, राहिलं.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. सर वाईट नाहीत, त्यांना तीन मिनिटं दिली होती आणि असा तक्ता दिला होता. पण त्या मुलीचं काय? तिचा प्रश्न किती नेमका होता बघा. कांद्याच्या चाळीत दमटपणा ६५ ते ७० टक्के असावा असं सांगतात. कमी झाला की कांदा वाळून वजन घटतं, जास्त झाला की सडतो. म्हणजे तिचा एक सेन्सर म्हणतोय हवा कोरडी पडलीय, आणि दुसरा म्हणतोय आजोबा, निवांत झोपा. कोणाचं ऐकायचं? हाच तर प्रकल्प! हा सेन्सर पाच टक्के इकडे-तिकडे होतो हे त्याच्या माहितीपत्रकातच असतं. म्हणजे खरा आकडा ६३ ते ६६ च्या मधे कुठेतरी. तिला आणखी एक प्रश्न विचारला असता तर ती तिथपर्यंत पोचली असती, नक्की पोचली असती.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना मी आत्ताच मेसेज केलाय. शनिवारी अर्धा तास मागितलाय, मार्क बदलायला नाही, ते माझ्या हातात नाही, त्या मुलीला भेटायला. कोणता सेन्सर खरा ते असं तपासता येतं: मिठात थोडं पाणी घालून ते ओलसर करायचं, विरघळवायचं नाही, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. काही तासांनी आतल्या हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. दोन्ही सेन्सर त्या डब्यात सोडायचे, मिठाला टेकू द्यायचे नाहीत, आणि बघायचं कोण ७५ म्हणतोय. वायर जाण्यापुरतं झाकणाला भोक लागेल, ते मात्र त्या होल पाडणाऱ्या मुलीलाच पाडायला सांगणार आहे.

डबा शोधून ठेवलाय. लोणच्याचा आहे, तीनदा घासला, वास गेला नाही अजून.