लॅपटॉप कामासाठीच हवाय

रेंडरिंगला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, हे वाक्य मी उन्हाळाभर घरात इतकं घोकलं की शेवटी आजीनंच ते फाटकापाशी उभं राहून शेजारच्या काकूंना समजावलं. "पोट्टी जर्मनीले जाऊन राहिली न, तर तिले कार्ड लागते म्हणे. आधारवालं नाही, दुसरं." काकूंनी मान डोलावली आणि त्यांच्या भाच्यानं असलंच कार्ड निम्म्या किमतीत घेतल्याचं सांगितलं. आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरात कुठलीही वस्तू घ्यायचं ठरवा, कुणाच्या तरी भाच्यानं ती गेल्या दिवाळीतच निम्म्या किमतीत उचललेली असते.

वाक्य खोटं नाही. रेंडरिंग म्हणजे न बांधलेल्या इमारतीचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेणं. मी आर्किटेक्ट आहे, ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स सुरू होणार, आणि रेव्हिट-लुमियन ही आमच्या धंद्यातली सॉफ्टवेअर माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडली की तो नुसता गरम होतो, उघडत काही नाही. त्याच कार्डावर रात्री अकरानंतर मी ढाल-तलवार घेऊन दलदलीतून फिरते, हे वाक्य तेवढं घोकलेलं नाही. कार्डाला मात्र दोन्ही कामं सारखीच. धरमपेठेतल्या बंगल्याच्या जिन्यावर दुपारी चारचं ऊन कसं पडेल, किंवा पडक्या किल्ल्याच्या भिंतीवर मशालीचा उजेड कसा हलेल, प्रकाशकिरणांचं गणित तेच. किल्ल्यातला राक्षस निदान शेवटच्या दिवशी जिना दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगत नाही.

बाबांची परवानगी काढणं हे खरं काम. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायचे आणि तिकडे पोचल्यावर आपलेच पैसे आपल्याला महिन्याला ९९२ करून मिळणार, ही व्यवस्था कळल्यापासून ते प्रत्येक खर्चाकडे 'हे तरी परत मिळते का' अशा नजरेनं पाहतात. लॅपटॉप काही परत मिळणार नव्हता, आणि वर १८ टक्के जीएसटी.

"कॉलेज देत नाही का लॅपटॉप?"

"नाही बाबा."

"फी घेत नाही म्हणते, लॅपटॉप देत नाही म्हणते. कॉलेज चालते कशावर मग?"

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, मॅक घे, बाकी सगळं खेळणं आहे. रेव्हिट आणि लुमियन विंडोजशिवाय चालत नाहीत असं सांगितल्यावर त्यानं मला क्षेत्र बदलायचा विचार करायला सांगितलं. माझ्या ऑफिसातला मित्र म्हणाला, "अबे, लॅपटॉप काऊन? त्याच पैशात डेस्कटॉप बनते, डबल ताकदीचा." बनतो हे खरं, पण तो कॅबिनेट मांडीवर घेऊन विमानात कोण बसणार? आणि आईच्या मैत्रिणीचा मुलगा, जो तिकडे आधीच आहे, त्याचा निरोप आला की इथेच येऊन घे.

या शेवटच्या सल्ल्यावर मी दोन रात्री विचार केला. तिकडे किमतीत १९ टक्के व्हॅट, तेवढंही चाललं असतं. पण जर्मन कीबोर्डावर झेड आणि वाय यांनी जागा बदललेल्या असतात. सामान्य माणसाला त्याचं काय, पण आर्किटेक्टचं अर्धं आयुष्य कंट्रोल-झेडवर उभं आहे. डावा हात कंट्रोलवरून झेडवर जातो तो मेंदूला न विचारता. तिकडे त्या जागी वाय बसलेला, आणि कंट्रोल-वाय म्हणजे बहुतेक ठिकाणी पुसलेली चूक पुन्हा आणून ठेवणारा. गेममध्ये चालायची डब्ल्यू-ए-एस-डी बटणं मात्र जर्मनांनी जागच्या जागी ठेवली आहेत. ही माहिती मी घरी दिली नाही.

तर नागपुरातूनच घ्यायचा ठरला, आणि आकड्यांचा ताप सुरू झाला. लॅपटॉपवाल्यांनी नावं अशी ठेवली आहेत की गिऱ्हाइकानं हात टेकावेत. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या ७००० क्रमांकांत पहिला अंक पाहून माल ताजा वाटतो. आतला सांगाडा किती जुना आहे ते सांगतो तिसरा अंक. ७८४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४ हा त्यातला नवा सांगाडा. ७७३५एचएस मधला ३ म्हणजे आधीच्या पिढीचाच चिप, नवं नाव लावून आणलेला. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात मात्र एकच, 'रायझन ७'. इंटेलकडे शेपटीची अक्षरं बघायची. मागे यू लावलेला आय-७ हा बॅटरी वाचवत बसणारा सज्जन असतो, आणि एचएक्स लावलेला आय-५ जड कामात त्याच्या पुढे निघून जातो. मग स्क्रीन. '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात दिसलं, म्हणजे रंग फिके, तर पुढे सरकावं. मी असल्या एका स्क्रीनवर संत्र्याचा फोटो उघडून पाहिला, तर संत्रं अजून महिनाभर झाडावर राहायला हवं होतं असं वाटलं.

आणि सगळ्यात मोठी लबाडी ग्राफिक्स कार्डाची. ती मी बाबांना बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाताना मेट्रोत सांगितली. नवतपा सुरू होता. बाबांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा. धाकटा भाऊ आमच्यापासून चार सीट लांब, ओळख नसल्यासारखा.

"बाबा, आरटीएक्स ४०६० हे कार्डाचं नाव एकच. पण लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देते. कमी दिली तर कार्ड रांगते. डब्यावर नाव असते, वॉट नसतात."

बाबा एकदम सरळ बसले. कॉम्प्युटर घरात आल्यापासून त्यांना त्याच्यात इतकी गोडी वाटलेली मी पाहिली नव्हती.

"म्हणजे सँक्शन लोड, मंजूर भार लिहितच नाहीत?"

"नाही न."

"अन तरी विकू देतात?"

सीताबर्डीला उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात फक्त वॉट होते.

पहिल्याच दुकानात काउंटरवरच्या पोरानं माझ्या डोक्यावरून धाकट्याला विचारलं, "बोल भाऊ, गेमिंगवाला दाखवू?" धाकट्यानं कीबोर्डाखाली रंगीत दिवे आहेत का विचारलं. त्याच्या दृष्टीनं तिथे चौकशी संपते. मी म्हटलं, लॅपटॉप मला हवाय. पोरानं लगेच मागच्या कपाटातून एक गुलाबी छटेचा, पापडाइतका पातळ नग काढला. "मॅडम, हा पाहा. एकदम हलका. पर्समध्ये बसते." मी म्हटलं, मला ३२ जीबी रॅम पाहिजे, नाहीतर निदान दुसरी जागा रिकामी पाहिजे, बोर्डाला सोल्डर केलेली नको. पोरानं आतल्या मालकांना हाक मारली.

मालक अनुभवी. त्यांनी एक काळा, जाडजूड लॅपटॉप समोर ठेवला आणि त्याची ताकद दिसावी म्हणून थेट एक गेम लावून दिला. "चालवून तर पाहा मॅडम." आता समोर शत्रू आणि डाव्या हाताखाली ती चार बटणं आल्यावर माणूस काय करणार? मी एकाला खांबाआड गाठला, दुसरा छपरावर होता त्यालाही खाली घेतलं, आणि मग लक्षात आलं की मागे बाबा उभे आहेत.

"हे रेंडरिंग आहे?"

"हो बाबा. रिअल-टाइम." हे शंभर टक्के खरं आहे.

"तो माणूस काऊन मेला मग?"

"क्लायंट होता," धाकटा म्हणाला.

बाबांनी वाद वाढवला नाही, कारण त्यांना वॉटचं विचारायचं होतं. खिशातून चष्मा काढायला त्यांनी आधी कांदा काढून काउंटरवर ठेवला, लाखाच्या लॅपटॉपशेजारी. मग मालकांकडे पाहिलं.

"किती वॉटचं आहे?"

"२३० चा चार्जर येते काका."

"चार्जर नाही. कार्ड. कार्ड किती वॉट खाते?"

"काका, ४०६० आहे. ४०६० म्हणजे ४०६०च."

"अर्ध्या एचपीची पण मोटरच, अन पाच एचपीची पण मोटरच. विहिरीत सोडल्यावर कळते."

मालक गप्प. मी कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन सिस्टम इन्फर्मेशन उघडलं. तिथे ग्राफिक्स पॉवरच्या ओळीत आकडा लिहिलेला असतो. डब्यावर नाही, जाहिरातीत नाही, इथे मात्र असतो. जाड्याचा भरला ११५च्या वर, गरजेला मिळणारा जास्तीचा बूस्ट धरून. मग बाबांनी तो गुलाबीही उघडायला लावला. त्याच्यातही ४०६०च, किंमत जाड्यापेक्षा जास्त, आणि वॉट जेमतेम निम्मे. बाबांनी चष्मा काढला. थकबाकीदाराच्या घरी गेल्यावर तारेवर आकडा टाकलेला सापडला की त्यांचा चेहरा कसा होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"काका, तुम्ही कोणत्या कंपनीकडून आले?" मालकांनी हळूच विचारलं आणि लस्सी मागवली.

लस्सी येईपर्यंत बाबांनी माहितीपुस्तिका वाचून काढली. घरात आजवर कुणी ती वाचली नव्हती, मिक्सरचीसुद्धा. त्यात त्यांना सापडलं की हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं. बाहेर तेव्हा ४५ होते.

"म्हणजे नागपुरात मार्च ते जून बंद ठेवायचा?"

"एसीत मस्त चालते काका."

"एसीत तर मी पण मस्त चालतो."

"मॅडम जर्मनीले जाऊन राहिल्या न पण," मालक काकुळतीला आले. हा मुद्दा बाबांना पटला. वॉरंटीवर मात्र परत गाडी अडली. "इंटरनॅशनल वॉरंटी आहे" असं मालकांनी छातीठोक सांगितलं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलला भारताबाहेर काहीच नव्हतं. गेमिंगच्या कितीतरी मॉडेलांचं असंच असतं, जिथे घेतला त्या देशापुरतं. शेवटी त्याच वॉटचा, दुसऱ्या कंपनीचा, बाहेर वॉरंटी चालणारा घेतला. थोडा महाग पडला. दिवे धाकट्याच्या पसंतीचे.

घरी आल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला. "वजन किती?"

आमच्या तिकिटावर हातातलं सामान ७ किलो. बॅटरी ९० वॉट-अवरची, म्हणजे विमानवाल्यांच्या १०० च्या मर्यादेत, आणि ती असल्यामुळे लॅपटॉप हातातच नेलेला बरा. अडीच किलो तो, आणि त्याचा अडॅप्टर जवळपास किलोभर. आईनं बॅगा टांगायचा काटा आणला, लॅपटॉपची पिशवी अडकवली, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरला आणि मग अडॅप्टर बाहेर काढून परत मोजलं. फरकात किती सांडगे बसतात ते तिला काट्याशिवाय कळतं.

"हे चार्जर तिकडे मिळत नाही का?"

"मिळते, पण फार महाग."

"सांडगे तर मिळतच नाहीत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल असा लागला की अडॅप्टर हातात, सांडगे मोठ्या बॅगेत आणि लॅपटॉपच्या खोक्यात कुरड्या. त्या खोक्यातले फोमचे कप्पे कुरड्यांसाठीच कापल्यासारखे निघाले. खोक्यावर चकचकीत अक्षरात ग्राफिक्स कार्डाचं नाव आहे, आत गव्हाच्या कुरड्या आहेत, आणि विमानतळावर ते उघडायला लावलं तर मी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

बाबा अडॅप्टर घेऊन बसले होते. १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं त्यावर छापलेलं, जर्मनीत आपल्यासारखेच २३० व्होल्ट, तेव्हा भिंतीकडची तेवढी केबल बदलली की झालं. पण तिकडच्या प्लगला दोनच गोल पिना असतात हे फोटोत पाहून ते उठून उभे राहिले. "अर्थिंग कुठंय?" अर्थिंग प्लगच्या दोन कडांना असलेल्या पट्ट्यांतून मिळतं, हे मी त्यांना चित्र काढून दाखवलं तेव्हा कुठे ते जेवायला बसले. रात्री धाकट्यानं परीक्षा म्हणून गेम लावला, पंखे सुरू झाले, आणि आजी आतल्या खोलीतून ओरडली, "कूलरमधलं पाणी संपलं वाटते."

राहिलं बिल. परदेशातून येताना एका प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो, बिलावाचून काही अडत नाही, हे मी सांगून पाहिलं. पण बाबांच्या नोकरीत कागद नाही म्हणजे वस्तू नाही. दुकानदारानं बिल दिलेलं थर्मल कागदावर, त्यावरची अक्षरं चार महिन्यांत उडतात, हे बाबांनी ऐकलेलं होतं. म्हणून ते सकाळीच चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला घेऊन गेले. थर्मल कागद उष्णतेनंच काळा होतो, त्यावरची अक्षरंही तशीच उमटवलेली असतात, हे त्यांनाही सुचलं नाही आणि त्या पोरालाही. मशीनच्या तोंडातून बिल आत गेलं आणि पलीकडून एक काळी, गुळगुळीत, गरम पट्टी बाहेर आली.

पोरानं ती दोन्ही बाजूंनी पाहिली.

"काका, याची झेरॉक्स पण काढून ठेवू का एक?"