सांडपाण्याचं ‘अमृत’? आधी ड्रमचं झाकण उघडून हुंगा

गेल्या रविवारी अमळनेरला आईकडे गेलो तर मागच्या अंगणात निळा दोनशे लिटरचा ड्रम, वर झाकण, झाकणावर वीट. म्हटलं नळाचं पाणी भरून ठेवलं असेल, आपल्याकडे नळ रोज कुठे येतो. झाकण उचललं आणि दोन पावलं मागे आलो. नासक्या अंड्याचा वास, वर करडी साय धरलेली, काडीने साय बाजूला केली तर खाली नुसती वळवळ, डासांच्या अळ्या, मोजायची सोय नाही एवढ्या. "हाई काय शे माय?" तर शांतपणे म्हणे, "पानी फेकानं नही. पंधरा दिन मुराले ठेवनं शे. मोबाईलमा उनं शे ना."

मोबाईलमा उनं शे, म्हणजे मोबाईलवर आलंय. झालं. शोधलं तर आमच्या मोठ्या वहिनींनीच फॅमिली ग्रुपवर टाकलेलं, त्यांना त्यांच्या भिशी ग्रुपवरून आलेलं, आणि मला स्वतःला तेच आणखी दोन ग्रुपवर येऊन पडलेलं होतं, मी न वाचता सोडून दिलं होतं ही माझी चूक. मेसेजचं नाव "एकही थेंब वाया घालवू नका, इस्राईलची पद्धत". त्यात थोडक्यात असं आहे: चार माणसांच्या घरात रोज ५०० लिटर ‘अमृत’ गटारात जातं, कपड्याच्या साबणाचं पाणी म्हणजे फुकटचं खत, आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी ड्रममध्ये पंधरा दिवस मुरवलं की ताकद दुप्पट होते, साबणामुळे त्यात डास होत नाहीत, तुरटी फिरवली की पाणी शुद्ध, मग पालेभाज्यांवर शिंपडा, आरओचं वेस्ट पाणी झाडांचं मिनरल टॉनिक, एसीचं पाणी साठवा, आणि पावसाळ्यात पत्र्याखाली एक ड्रम ठेवला की उन्हाळा निघतो. शेवटी पाच हात जोडलेले आणि "जळगाव-धुळेकरांनी तर जरूर शेअर करा". हे शेवटचं वाक्य कोणी घातलं माहीत नाही, पण बरोबर दुखतं तिथेच बोट ठेवलंय, म्हणून तर आपली माणसं लगेच ड्रम काढून बसतात.

आधी ते मुरवण्याचं बघू कारण सगळ्यात जास्त वाट त्यानेच लागते. लोणचं मुरतं, शेणखत कुजवतात, त्यावरून कोणीतरी ठरवलं की सांडपाणीही मुरत असेल. अहो, आंघोळीच्या पाण्यात काय असतं? अंगाचा मळ, तेल, केस, साबण, आणि स्पष्टच बोलतो, ढुंगण धुतलेलं पाणीही त्यातच असतं. घरात लहान मूल असेल तर दुपटी-लंगोट त्याच बादलीत. हे सगळं जंतूंचं जेवण. ताजं असताना त्यात जंतू तुलनेने कमी, पण बंद ड्रममध्ये आपल्या खान्देशच्या उन्हात ठेवलं की एक-दोन दिवसांतच ते पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात, मग बिनऑक्सिजनचे जंतू कामाला लागतात आणि तो अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाईड. ताकदबिकद काही नाही, पाणी सडलं एवढाच त्याचा अर्थ. असं पाणी वापरायचं तर त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत, हा साधा नियम आहे, आणि मेसेजवाला पंधरा दिवस सांगतोय.

आणि पंधरा दिवस म्हणजे किती? गरम हवेत डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवसांत उरकतं. म्हणजे तुमचं अमृत मुरेपर्यंत एक बॅच उडून गेलेली आणि दुसरी निम्म्यावर. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून वाळवा, असं आरोग्य खात्याची माणसं घरोघर सांगत फिरतात ते याच हिशोबाने. "साबणामुळे डास होत नाहीत" यात अर्धा दाणा खरा आहे, नाईलाजाने कबूल करतो, ताज्या साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो, अळ्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही, बुडतात. पण साबण दोन-चार दिवसांत त्याच जंतूंच्या पोटात जातो, मग उरतं नुसतं घाण पाणी, आणि क्युलेक्स जातीच्या डासाला घाण पाणीच आवडतं, हत्तीरोग पसरवणारा तोच. डेंग्यूचा एडिस स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो, म्हणजे शेजारचा चांगल्या पाण्याचा ड्रम आणि कूलरची टाकी त्याच्यासाठी मोकळी. दोघांची सोय लावली आपण. आईकडे झाकणावर वीट होती पण कड चेमटलेली, बोट जाईल एवढी फट. डासाला तेवढी खूप झाली.

आता तुरटी. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी निवळ दिसतं. बस. जंतू मरत नाहीत, काही गाळाबरोबर खाली बसतात बाकीचे तिथेच. माझा खरा संताप इथे आहे, कारण आई ते निवळलेलं पाणी कोथिंबिरीच्या कुंड्यांवर वरून शिंपडत होती, आणि दुपारी तीच कोथिंबीर खुडून, कच्ची, वांग्याच्या भरतावर. सोबत कांद्याची पात, तीही त्याच पाण्यावरची. कळण्याची भाकरी ताटात वाढलेली आणि मी कोथिंबिरीकडे बघत बसलो. खाल्लं की नाही ते विचारू नका.

उगाच माझ्या मनाचं सांगतोय असं वाटत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांडपाण्याच्या सुरक्षित वापरावर चार खंड काढलेत, चौथा खंड खास मैला आणि ग्रेवॉटर म्हणजे आंघोळ-धुण्याच्या पाण्याबद्दल आहे. इंटरनेटवर फुकट आहे, मी मोबाईलवर चाळला, डोळे दुखले. सार असं की हे पाणी संडासच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरं, वापरायला हरकत नाही, पण निर्धोक नाही. मातीत द्या, जमलं तर मातीच्या खालून, पानांवर उडवू नका, माणसाचा हात कमी लागेल असं बघा, आणि जे कच्चं खायचं त्याला जपा. शिंपडा असं कुठेच नाही. आणि घरात कोणाला जुलाब लागले असतील तर त्या दिवसांत ते पाणी सरळ गटारात जाऊ द्यायचं, यासाठी खंड वाचायचीही गरज नाही.

दुसरं, साबणाचं पाणी म्हणजे खत. पावडरीत फॉस्फेट असतं म्हणून. पूर्वी भरपूर असायचं, आता बऱ्याच पावडरींत कमी झालंय, आणि असलं तरी त्याच्याबरोबर जे येतं ते कोण सांगणार? धुण्याचा सोडा, सोडियम सल्फेट, सगळा सोडियमचा कारभार. तापीकाठच्या शेतकऱ्याला हे मी सांगायला नको, त्याला चोपण जमीन माहीत आहे. आपली काळी माती चिकणमातीच्या बारीक कणांची, ते कण कॅल्शियमच्या जोरावर गोळा होऊन राहतात आणि मधल्या फटींतून पाणी-हवा खेळते. सोडियम जास्त झाला की तो कॅल्शियमला हुसकून लावतो, कण सुटे होतात, फटी बुजतात, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. शेतात असं झालं की शेतकरी जिप्सम टाकतो, कारण जिप्सममध्ये कॅल्शियम असतं. आणि आपण घरी उलट उद्योग करायचा, कुंडीत मापाने सोडा ओतायचा.

आईच्या तुळशीच्या वृंदावनात हेच झालेलं. वर पांढरी खपली, पानांच्या कडा चुलीजवळ धरल्यासारख्या तपकिरी. तांब्याभर चांगलं पाणी घातलं तर ते वरच उभं राहिलं, मी चहा पिऊन आलो तरी निम्मं तसंच. बोट घालून बघितलं तर वरचा इंचभर थर कडक, खालची माती कोरडी ठक्क. वहिनींना फोन केला तर म्हणतात, "भाऊजी, आमच्या शेवग्याला तर काही झालं नाही." नसेल झालं. जमिनीतलं मोठं झाड आहे, दर पावसाळ्यात क्षार धुऊन खाली जातात, कुंडीतल्या तुळशीला ती सोय कुठे. आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडे पाइपने सगळंच पाणी एकत्र जातं, खंगाळलेलं धरून, आई बिचारी पहिल्या फेसाचंच पाणी बादलीने उचलून देत होती कारण मेसेजमध्ये लिहिलंय "जितका फेस तितकी ताकद". हे वाक्य लिहिणाऱ्याला त्याच फेसाच्या बादलीत उभा करायला पाहिजे.

ज्याला वापरायचंय त्याने शेवटचं खंगाळलेलं पाणी घ्या, ते बऱ्यापैकी निवळ असतं, रोज एकाच झाडाला देऊ नका, मधून मधून चांगलं पाणी भरपूर सोडा. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त घाला. मिठाचं उकळलेलं पाणी नको.

आता कोणीतरी म्हणेलच की पूर्वी मोरीच्या पाण्यावरच तर केळी-अळू वाढायचे. वाढायचे ना! आजीच्या घरी नहाणीमागे केळीचे खुंट, अळू, कर्दळ असं रानच होतं. पण ते पाणी ड्रममध्ये कोणी मुरवत नव्हतं, निघालं की सरळ चारीने मुळाशी, तिथेच जिरलं. डोक्याला शिकेकाई, भांड्याला राख, आणि अळू कच्चा कोण खातं? ही पद्धत बरोबर होती आणि आजही आहे. मेसेजमध्ये तेवढी एक ओळ नाही.

बाकीचं भराभर. ५०० लिटर: शहरी पाणीयोजनेचा माणशी १३५ लिटरचा हिशोब धरला तर चार जणांचे ५४० होतात, म्हणजे कागदावर आकडा जमतो, पण त्यात संडासचंही पाणी आलं, आणि नळाची वाट बघणाऱ्या घरात एवढं वापरतंय कोण. इस्राईल: ते लोक जवळपास नव्वद टक्के सांडपाणी शेतीला देतात हे खरं, पण मोठ्या प्लांटमध्ये शुद्ध करून, बाथरूममधून उचलून नाही, मेसेजने फक्त ‘शुद्ध करून’ हे दोन शब्द गाळले. आरओ: मशीन क्षार गायब करत नाही, वेस्टच्या नळीत ढकलतं. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ९०० च्या आसपास, वेस्टच्या पाण्यावर मीटर धरलं तर १३०० च्या वर, याला टॉनिक म्हणायचं असेल तर म्हणा, मी त्याने ओटा आणि संडास धुतो. एसीचं पाणी खरंच चांगलं, क्षार जवळजवळ नसतातच, पण ते हवेतल्या दमटपणातून येतं आणि आपल्याकडे मे महिन्यात हवेत दमटपणा असतो का हो? मुंबईत बादली भरेल, भुसावळला तांब्या. इथे कूलर चालतो, तो पाणी देत नाही, पितो, आणि टाकीत तळाला उरतं ते आटून खारट झालेलं.

पत्र्याखालचा ड्रम. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर, दोनशे लिटरचा ड्रम सव्वादोन मिलिमीटरातच भरला, पुढचा सगळा पावसाळा तो नुसता ओसंडणार. ते पाणी गाळणीतून बोअरच्या कडेला जिरवा, त्यात अर्थ आहे. ड्रमने उन्हाळा निघत नाही, आठवडा निघेल.

आईचा ड्रम मी लिंबाच्या लांबच्या आळ्यात रिकामा केला, मग आतून ब्रशने घासला, कारण एडिसची अंडी भिंतीला चिकटून कोरडी महिनोन् महिने राहतात. वृंदावनातली माती बदलली, तुळस वाचेल असं वाटतंय, कोथिंबीर उपटली. आता ड्रम उन्हात पालथा घातलाय आणि आई म्हणते तो रिकामा कशाला ठेवायचा, त्यात या वर्षीचे गहू भरू. मी नको म्हणालो, त्यावरून सध्या वेगळं भांडण चालू आहे.