घासा, अजून घासा!

गाडी २०१३ सालची. पुढच्या टायरांच्या कडांना चिरा पडल्यात आणि त्यांच्यावरचा '२३१६' हा आकडा सांगतो की ही टायरं २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनली. इंजिनाचं माउंटिंग गेलंय, त्यामुळे सिग्नलला उभं असताना अख्खा डॅशबोर्ड थरथरतो. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे आधीच्या मालकालाही आठवत नाही. अशी सेकंडहँड हॅचबॅक दारात आली की शहाण्या माणसाने पहिला खर्च कशावर करावा? अर्थातच सिरॅमिक कोटिंगवर, म्हणजे रंगावर चढवायच्या पातळ, चकचकीत थरावर. टायरांकडे सोसायटीत कोण बघतंय? बॉनेटमध्ये मात्र शेजाऱ्याला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे.

कोटिंगआधी रंग मशीनने घासून ओरखडे काढायचे असतात. एकदा हे ठरलं की रंगाची जाडी मोजण्याच्या भानगडीत पडू नका. कंपनीतून निघालेल्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असं सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, असतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. चकाकी त्याचीच, आणि उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही त्यातच. पेंट गेज नावाचं हातात मावणारं यंत्र पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा जागी टेकवत गेलं की गाडीची कुंडलीच बाहेर पडते. छतावर ११०, बॉनेटवर ११५ आणि डावीकडच्या मागच्या दरवाजावर एकदम ६८०, म्हणजे तिथे पुट्टी भरलीय. २०० च्या वर गेलं की तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असं धरून चालायचं. कुठे आकडा ८० च्या खाली उतरला, तर बहुधा आधीच कुणीतरी तिथे मशीन फिरवून क्लिअर कोट संपवत आणलाय. हे सगळं कळलं की माणसाचा हात कचरतो. शिवाय एजंटने 'एका हातची, नॉन-अ‍ॅक्सिडेंट' असं छातीवर हात ठेवून सांगितलेलं असतं. उगाच त्याला खोटं कशाला पाडायचं?

आता धुणं. उन्हात रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळं दिसतात, ती खरं तर वर्तुळं नसतातच. ओरखडे सगळीकडे, वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे बरोबर आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला गोल जाळं दिसतं. ती कलाकारी असते रोज सकाळी पार्किंगमध्ये एका बादलीत आणि एका फडक्यात दहा गाड्या पुसल्या जातात त्याची. त्यात त्या पुसणाऱ्याचा दोष नाही. महिन्याच्या त्या पैशांत तो प्रत्येक गाडीला नवं पाणी आणि नवं मायक्रोफायबर देईल, ही अपेक्षा आपली. त्याला वर म्हणायचं, 'जरा जोर लावून पूस रे, धूळ राहिलीय.' कोरड्या धुळीवर जोर लावला की धूळ निघते, आणि तिच्याबरोबर क्लिअर कोटही थोडा थोडा निघतो.

काही लोकांना उगाच पाल्हाळ लावायची सवय असते. ते आधी नुसत्या पाण्याच्या प्रेशरने चिखल पाडतात, मग फोम मारून चार-पाच मिनिटं थांबतात, पण तो सुकू देत नाहीत. मग दोन बादल्या घेतात, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळायची, आणि दोन्हींच्या तळाशी जाळी ठेवतात, म्हणजे बुडालेली वाळू पुन्हा वर येत नाही. छतापासून खाली येतात आणि दरवाजांच्या खालच्या पट्ट्यांना वेगळा मोजा वापरतात, कारण सगळ्यात जास्त खडे तिथेच चिकटलेले असतात. तुम्ही एवढं करू नका. कपड्याची पावडर घ्या, ती मेणाचा उरलासुरला थरही धुऊन नेते. पाणी बोअरचंच घ्या आणि वेळ दुपारी दोनची निवडा. तापलेल्या पत्र्यावर थेंब जागच्या जागी सुकतात आणि क्षारांचे पांढरे गोल उमटतात. हे डाग ताजे असताना व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून लावलं, मिनिटभराने धुतलं तर बऱ्याचदा निघतात. महिनाभर राहू दिले की रंगात खड्डे पाडून बसतात. मग मशीन लागतं, आणि आपल्याला मशीनच तर लावायचंय!

पण त्याआधी अडकलेली घाण काढावी लागते म्हणे. स्वच्छ धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. लोकलच्या रुळांलगत किंवा एमआयडीसीत उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात, ते लोखंडाचे कण. ब्रेकची धूळही त्यातलीच. आयर्न रिमूव्हर मारला की हे कण जांभळे होऊन ओघळतात आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. तीन-चार मिनिटांत, सुकायच्या आत, भरपूर पाण्याने धुवायचं, बस्स. उरलेलं क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने काढायचं, भरपूर लुब्रिकंट फवारून, जोर न लावता, दर थोड्या वेळाने क्ले घडी घालून नवी बाजू वर आणत. क्ले जमिनीवर पडली की कचऱ्यात टाकायची, कारण फरशीवरची वाळू तिच्यात रुतते. हे ऐकून दुकानदाराचा धंदा होतो, दुसरं काय! तुम्ही पडलेली क्ले पँटला पुसा आणि थेट दरवाजावर चालवा.

आणि आता मुख्य सोहळा. मशीन दोन जातींची. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर फिरतं आणि डोलतंही, त्यामुळे उष्णता कमी होते आणि चूक करायला वेळ लागतो. रोटरी नुसतं गरगर फिरतं. जाणत्याच्या हातात ते झटपट काम करतं, नवशिक्याच्या हातात त्याहून झटपट करतं. तुम्ही अर्थातच रोटरी घ्या, लोकरीचं पॅड लावा, सगळ्यात खरखरीत कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, घ्या आणि वेग थेट मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेऊन ठेवा. घाबरट कारागीर आधी दीड फूट बाय दीड फुटाचा एक तुकडा निवडतात, मऊ फोम आणि बारीक पॉलिशने करून बघतात, आणि त्याने भागलं नाही तरच एक पायरी वर चढतात. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, हात सेकंदाला इंचभर सरकवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा, आधी आडवे मग उभे असे चार ते सहा हात मारायचे. एवढं झालं की पॅड ब्रशने साफ करायचं, नाहीतर सुकलेलं कंपाउंड आणि निघालेला रंग त्यातच गोळा होऊन नवे ओरखडे काढतो. अशाने एका हॅचबॅकला अख्खा दिवस, क्वचित दोन दिवस जातात. वॉशिंग सेंटरवाला 'तीन तासांत घेऊन जा' म्हणत असताना इतका वेळ कोण थांबणार?

कडांवर विशेष लक्ष द्या. बॉनेटची धार, चाकाच्या कमानीची कड, दरवाज्यावरून आडवी गेलेली उठावदार रेघ, अशा उंचवट्यांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. घाबरट लोक अशा कडा मास्किंग टेपने झाकतात. तुम्ही टेप वाचवा. थोड्या वेळाने पांढऱ्या पॅडला गाडीचा रंग लागलेला दिसेल. क्लिअर कोटवाल्या गाडीत तसं दिसलं की समजायचं, क्लिअर कोट संपला, खालच्या रंगाला हात लागला. त्या जागी एक मंद, कोरडा डाग उमटतो. तो कुठल्याही पॉलिशने जात नाही, पॅनेल पुन्हा रंगवावं लागतं. बंपरवर तर आणखी मजा. प्लास्टिकमधून उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, एका जागी साठते; मशीन दोन क्षण जास्त रेंगाळलं की रंग सुरकुततो. आरशाखालच्या आणि काचेभोवतीच्या काळ्या प्लास्टिकवर कंपाउंडचे पांढरे शिंतोडे वाळू द्या. पुढची काही वर्षं तेवढीच तुमच्या कष्टाची आठवण राहील.

बाकी कितीही घासलं तरी काही गोष्टी निघत नाहीत, हे गिऱ्हाइकाला सांगू नये हा या धंद्यातला शिष्टाचार आहे. नख फिरवल्यावर अडकतं तो ओरखडा क्लिअर कोटच्या आरपार गेलेला असू शकतो. त्याला टचअपचा बारीक कुंचला लागतो, मशीनचं बफिंग नाही. छतावर किंवा बॉनेटवर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर मशीन लावल्याने पापुद्रे फक्त मोठे होतात. कबुतराची विष्ठा चार दिवस उन्हात भाजून खड्डा पडला असेल तर तो किती खोल आहे यावर सगळं अवलंबून. या सगळ्यावर ग्लेझ नावाचा रामबाण उपाय आहे. त्यातलं तेल आणि भराव ओरखड्यांत जाऊन बसतात, गाडी आरशासारखी होते आणि दोन-चार धुण्यांत सगळं पुन्हा उघडं पडतं. ही चोरी पकडायची तर पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसावं लागतं. त्याने तेल निघतं आणि खरा रंग दिसतो. म्हणून पुसायला सांगू नका, आणि गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात जा. रोटरीने काढलेल्या लाटांसारख्या झाका सकाळच्या उन्हात दिसतात, तोवर बिल भरलेलं असतं.

पिवळे पडलेले हेडलाइट टूथपेस्टने घासा, आठवडाभर छान दिसतात. ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पाणकागदाने पायरीपायरीने घासून पॉलिश केले तर बरेच दिवस चांगले राहतात, मात्र वर अतिनील किरण अडवणारा थर दिला तरच. तो न दिल्यास पुन्हा पिवळे. म्हणजे कामाला तोटा नाही.

आतल्या बाजूचं फार काही नाही. डॅशबोर्डला सिलिकॉनचं तेल चोपडा, म्हणजे दुपारी पुढच्या काचेत रस्त्याऐवजी डॅशबोर्ड दिसेल. उरलेलं पेडलच्या रबरावर पुसा. गालिचा पाइप लावून धुवा. वरून तो एका दिवसात सुकतो, खालचं जाड नमदं मात्र आठवडे ओलं राहतं आणि पावसाळ्यात एसी लावला की कुबट वास येतो. तो वास घालवायला दुकानात चंदनाचं परफ्युम मिळतंच. इंजिनावर प्रेशर गनचं तोंड जवळून धरा, कनेक्टर आणि कॉइल झाकू नका. प्लगच्या खळग्यात पाणी गेलं की चार सिलिंडरची गाडी तीनवर धडधडत घरी येते. पण इंजिन चकचकीत दिसतं, ते महत्त्वाचं.

आता कोटिंग. बाटलीवर '९ एच' लिहिलेलं असतं आणि विकणारा सांगतो, हिऱ्याच्या खालोखाल कडक. हा आकडा पेन्सिलींच्या कडकपणाचा आहे. ९ एच म्हणजे ९ एचच्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढंच. किल्ली, गेटचा खिळा आणि पार्किंगमधली सायकल यांनी ही परीक्षा दिलेली नाही. थर जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. हायवेवरच्या खड्यांपासून वाचवायला लागते ती पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायची १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म, आणि तिचा खर्च ऐकला की जुनी हॅचबॅक तशीच विकावीशी वाटते. कोटिंग चांगलं लागलं तर पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण एवढ्यावर कोण पैसे देणार, म्हणून 'दहा वर्षांची वॉरंटी' असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तुमच्या गाडीची मुदत २०२८ मध्ये संपेल, वॉरंटी त्यानंतरही जिवंत राहील. अट एकच, दर सहा महिन्यांनी त्याच दुकानात पैसे भरून सर्व्हिस करायची. क्षारांचे डाग, पक्ष्यांची विष्ठा आणि ओरखडे वॉरंटीत येत नाहीत. दुसरं काही रंगाला होतच नाही, तेव्हा वॉरंटी भक्कम आहे.

लावताना हॅचबॅकला ३० मिलिची एक बाटली पुरते. एका वेळी दोन-एक चौरस फूट भाग घ्यायचा, वर इंद्रधनुष्यी झाक आली की मऊ मायक्रोफायबरने पुसून घ्यायचं. पुसायचं राहून गेलं की तो ठिपका तिथेच कडक होतो आणि पुन्हा पॉलिशने काढावा लागतो. पावसाळ्यातला दमटपणा ही वेळ बदलतो, म्हणून जाणते लोक एकेका पॅनेलवर अंदाज घेतात. आधी ओरखडे काढले नसतील तर तेही कोटिंगखाली व्यवस्थित जपले जातात. पहिले २४ तास पाणी नको आणि आठवडाभर शाम्पू नको, असं सांगतात. तुम्ही मात्र गाडी आणल्या-आणल्या पूजा करा. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढा, झेंडूचा हार तारेने आवळून ग्रिलला बांधा आणि नारळाचं पाणी बंपरवरून वाहू द्या. दुसऱ्या दिवशी पार्किंगमधल्या पोराला सांगा की आता कोटिंग झालंय, बिनधास्त जोर लाव.

आणि कव्हर विसरू नका. ते रोज रात्री धुळीने माखलेल्या गाडीवर तसंच चढवायचं. वाऱ्याने हलत राहतं, आतली धूळ रंगावर घासत राहते, म्हणजे रात्रपाळीचं बफिंग फुकटात.